पोटाचे आजार अभ्यासायचे कसे: नळीपासून नावापर्यंत

डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलं पचनसंस्थेची वही दाखवायला आणतात, तेव्हा पहिल्या पानावर हमखास एक तक्ता असतो. डावीकडे आजार, उजवीकडे लक्षणं. अल्सर: पोटदुखी, मळमळ. पित्ताशयातले खडे: पोटदुखी, मळमळ, उलटी. स्वादुपिंडाचा दाह: पोटदुखी, उलटी, मळमळ. तक्ता नीटनेटका, रंगीत पेनांनी सजवलेला. उजवा रकाना झाकला तर तो घडाघडा म्हणून दाखवता येतो. डावा झाकला की मात्र बोलती बंद होते, कारण उजवीकडे सगळीकडे तेच ते लिहिलेलं असतं. आणि रुग्ण नेहमी उजव्या रकान्यातूनच येतो.

मेहनत ही मुलं भरपूर करतात, फक्त क्रम उलटा लावतात. खालचा क्रम असा आहे: आधी नळी, मग तिचं काम, मग बिघाडाचा प्रकार, मग लक्षण, आणि आजाराचं नाव सगळ्यात शेवटी. रोज दोन तास दिले तर साधारण तीन आठवडे पुरतात. आठवड्यात उरकायचा प्रयत्न केलात तर फिरून तक्त्यावरच याल.

## तयारी: कागद, एक पुस्तक आणि चार घोटाळ्याचे शब्द

मोठे कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर आणि शरीररचना व शरीरक्रिया एकत्र शिकवणारं एकच प्राथमिक पुस्तक घ्या. एकच. तीन पुस्तकं उघडी ठेवून अभ्यास करणाऱ्यांचा अर्धा वेळ कुठलं चित्र जास्त चांगलं हे ठरवण्यात जातो. वहीत प्रत्येक अवयवाला दोन पानं सोडा आणि आजारांची नावं त्या पानांवर पहिले दहा दिवस लिहायची नाहीत असं ठरवा.

त्याआधी चार शब्द निस्तरून टाका. हे शब्द आपण लहानपणापासून वापरतो, म्हणूनच ते अभ्यासात गुपचूप शिरतात.

पित्त. छातीत जळजळलं की आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आंबट उलटी झाली की ‘पित्त पडलं’. यातली जळजळ बहुधा जठरातल्या आम्लाची असते, गांधी त्वचेच्या असतात आणि शरीरक्रियाशास्त्रातलं पित्त तिसरंच. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं, चरबी पचायला मदत करतं आणि किंचित अल्कधर्मी असतं. वहीत आम्लाला ‘आम्ल’ आणि यकृतातल्या रसाला ‘पित्तरस’ असंच लिहा. नुसता ‘पित्त’ हा शब्द वहीतून हद्दपार.

कावीळ. हा आजार नाही, लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन (जुन्या लाल पेशी मोडल्यावर तयार होणारं पिवळं रंगद्रव्य) वाढलं की डोळे आणि त्वचा पिवळी दिसते. ते का वाढलं, हा खरा प्रश्न.

मूळव्याध. शौचातून रक्त गेलं की लोक थेट हे नाव घेतात. आतल्या मूळव्याधीतून रक्त सहसा न दुखता जातं. गुदद्वाराला चीर पडली असेल, म्हणजे फिशर असेल, तर शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखतं. आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातूनही रक्त जाऊ शकतं.

गॅस. रुग्णाने हा शब्द वापरला तर तो जसाच्या तसा लिहून घ्या आणि पुढे विचारा: ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ कुणाला ढेकर येत असतात, कुणाचं पोट तट्ट फुगलेलं असतं, कुणाच्या छातीत दाबल्यासारखं होत असतं. शेवटची तक्रार हृदयाचीही असू शकते.

## पायरी १: नळी काढा, न बघता

तोंडापासून गुदद्वारापर्यंत एकच लांब नळी आहे आणि तिला बाजूने तीन अवयव जोडलेले आहेत. एवढं चित्र स्मरणातून काढता आलं पाहिजे. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर. मग जठर. मग लहान आतड्याचा पहिला तुकडा ड्युओडेनम, तोही साधारण २५ सेंटिमीटरच. पुढे जेजुनम आणि इलियम, सगळं लहान आतडं मिळून सुमारे ६ मीटर. मग मोठं आतडं, सुमारे दीड मीटर. लांबीला लहान आतडं मोठ्याच्या चौपट. ‘लहान’ आणि ‘मोठं’ ही नावं रुंदीवरून पडली आहेत, हे एकदा लक्षात आलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

बाजूचे तीन म्हणजे यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड. इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. यकृताकडून येणाऱ्या नळीला पित्ताशयाची नळी मिळते, पुढे मुख्य पित्तनलिका तयार होते, ती स्वादुपिंडाच्या डोक्यामागून किंवा त्याच्यातून खाली उतरते आणि बहुतेक लोकांत स्वादुपिंडाच्या नळीबरोबर एकाच तोंडाने ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात उघडते. अर्ध्या सेंटिमीटरचा खडा कुठे अडकला यावर माणसाला नुसतं दुखणार, की तो पिवळा पडणार, की त्याच्या स्वादुपिंडाला सूज येणार, हे त्या एका चित्रावरून सांगता येतं. ज्यांचं हे चित्र कच्चं राहतं, त्यांना पित्ताशयाचे आजार शेवटपर्यंत पाठच करावे लागतात.

तपासा: चित्र झाकून ठेवा आणि स्वतःला विचारा, पित्ताशयाच्या तोंडाशीच खडा अडकला तर कावीळ का होत नाही? यकृतातून ड्युओडेनमकडे जाणारा मुख्य रस्ता मोकळा असतो म्हणून, हे उत्तर चित्रातून निघालं तरच पुढे जा.

## पायरी २: प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारा

इथे काय घडतं? आणि तिथली भिंत स्वतःला कशी वाचवते? दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

जठर घ्या. तिथल्या पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, सामू १ ते २ पर्यंत उतरतो. एवढ्या आम्लात मांसाचा तुकडा विरघळतो, मग जठर स्वतः का विरघळत नाही? कारण आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो आणि या सगळ्या बंदोबस्ताची देखरेख प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. आता ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं काय करतात? प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइमच अडवतात. दुखणं कमी होतं आणि त्याच वेळी जठराची तटबंदीही ढासळते. वेदनाशामकांमुळे अल्सर का होतो, हे आता पाठ करायची गरज उरली नाही.

अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. तो युरिएज नावाचं एन्झाइम वापरून आपल्याभोवती अमोनिया तयार करतो आणि आम्लात तग धरतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना ज्या शोधासाठी २००५ सालचं नोबेल मिळालं तो हाच. तरीही ‘तिखट आणि टेन्शनमुळे अल्सर होतो’ हे वाक्य मला दर वर्षी नव्या वहीत सापडतं. उलट टोकालाही जाऊ नका: हा जिवाणू पोटात असलेल्या बहुतेक लोकांना अल्सर कधीच होत नाही.

मग शोषणाचा नकाशा काढा, हिरव्या रंगात. लोह मुख्यतः ड्युओडेनममध्ये शोषलं जातं. बी-१२ जीवनसत्त्व इलियमच्या शेवटच्या भागात, पण त्यासाठी जठरातून आलेलं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन सोबत लागतं. पित्तरसातले क्षारही इलियमच्या शेवटीच परत घेतले जातात. या तीन ओळींवर पुढे डझनभर प्रश्न सुटतात: सीलिअॅक आजारात (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याची भिंत बिघडते त्यात) लोहाची कमतरता का, इलियमचा शेवट कापून काढलेल्या माणसाला बी-१२ची इंजेक्शनं का, आणि त्याच माणसाला जुलाब का.

पाण्याचा हिशेबही इथेच लिहून ठेवा. खाण्यापिण्यातून आलेलं आणि लाळ, जठररस, पित्तरस वगैरेतून पडलेलं मिळून दिवसाला ८ ते ९ लिटर पाणी लहान आतड्यात येतं. त्यातलं एक-दीड लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि शौचातून जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतं. एवढ्या मोठ्या उलाढालीत थोडी जरी गडबड झाली तरी जुलाब होणार, हे उघड आहे.

चूक होते ती इथे: मुलं यकृताची पाचशे कामं लिहितात. सुरुवातीला चार पुरेत: पित्तरस बनवणं, बिलिरुबिनची विल्हेवाट, अल्ब्युमिन व रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं आणि आतड्याकडून आलेलं रक्त गाळणं. यकृत निकामी झाल्यावर दिसणारी बहुतेक लक्षणं याच चारांतून निघतात.

## पायरी ३: बिघाडाचा प्रकार ठरवा

नळीला होऊन होऊन काय होईल? ती तुंबेल, सुजेल, तिला जखम होऊन भोक पडेल, तिच्यातून शोषण होणार नाही, तिची हालचाल बिघडेल किंवा तिच्यात गाठ वाढेल. रक्तपुरवठा तुटणं हे सातवं, ते क्वचित पण जीवघेणं. एखाद्या आजाराचं नाव कानावर आलं की त्याला यांपैकी एका किंवा दोन खणांत टाका. अपेंडिसायटिस: आधी तुंबणं, मग सूज. अकॅलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल न होणं): हालचाल. सीलिअॅक: सुजेमुळे शोषण बंद.

ही पायरी एका बैठकीत होते. तिच्यावर जास्त वेळ घालवू नका.

## पायरी ४: दुखण्याचा नकाशा

पोट दुखतं हे वाक्य वैद्यकात जवळजवळ निरुपयोगी आहे. कुठे, कसं, कधीपासून, कुठे सरकलं, काय केल्यावर वाढतं, हे कळलं तर मात्र निम्मं निदान हाती येतं.

आतड्याच्या आतून येणारी वेदना मेंदूला नेमकी जागा सांगू शकत नाही. ती मधोमध जाणवते आणि गर्भावस्थेत तो भाग कुठल्या तुकड्यातून बनला यावर तिची उंची ठरते. जठर, ड्युओडेनमचा वरचा भाग, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड: दुखणं बेंबीच्या वर, मधोमध. तिथून पुढे मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाच्या दोन-तृतीयांशापर्यंत: बेंबीभोवती. उरलेलं मोठं आतडं: ओटीपोटात. पोटाच्या आतल्या भिंतीचं अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, मात्र नेमकी जागा सांगतं.

आता अपेंडिक्सचं कोडं आपोआप सुटतं. सुरुवातीला अपेंडिक्स आतून फुगतं, वेदना बेंबीभोवती येते, मोघम आणि मळमळवणारी. काही तासांनी सूज बाहेरच्या अस्तराला लागते आणि दुखणं उजवीकडे खाली सरकतं, बोट ठेवून दाखवता येतं. ‘दुखणं सरकलं’ ही गोष्ट रुग्ण आपणहून सांगेलच असं नाही, विचारावी लागते.

दुखण्याची जातही ऐका. आतडं तुंबलं की कळा येतात आणि जातात, माणूस तळमळतो, कूस बदलत राहतो. पोटात भोक पडून अस्तर भाजलं की माणूस हालत नाही, कारण हाललं की दुखतं, आणि त्याचं पोट फळीसारखं कडक होतं. स्वादुपिंडाचं दुखणं वरच्या पोटातून आरपार पाठीत जातं, पुढे वाकून बसल्यावर जरा बरं वाटतं.

पित्ताशयाच्या दुखण्याला पुस्तकं ‘कळ’ म्हणतात आणि इथेच फसगत होते. ते बहुधा येऊन-जाऊन नसतं. वाढत जातं, मग अर्धा-एक तास ते काही तास एकसारखं राहतं आणि ओसरतं. उजव्या खवाट्याकडे जाऊ शकतं. सहा तासांहून जास्त टिकलं, ताप आला, उजव्या बरगड्यांखाली हात लावू देईना, तर नुसता खडा अडकून सुटला असं नाही, पित्ताशयाला सूज आली असण्याची शक्यता धरायची.

सावध: जठराच्या अल्सरचं दुखणं जेवल्यावर वाढतं आणि ड्युओडेनमच्या अल्सरचं जेवल्यावर थांबतं, हे परीक्षेपुरतं लक्षात ठेवा. खऱ्या रुग्णांत हा नियम इतक्या वेळा मोडतो की त्यावर निदान टांगता येत नाही. आणि वरच्या पोटातलं दुखणं घामाबरोबर, धापेबरोबर आलं असेल तर हृदयविकाराचा झटका आधी वगळायचा, ॲसिडिटीची गोळी नंतर.

## पायरी ५: शौच, जुलाब आणि रक्त

या विषयावर बोलायला लाजणारा विद्यार्थी पचनसंस्था शिकू शकत नाही. ब्रिस्टल तक्त्यात शौचाचे ७ प्रकार आहेत, १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे नुसतं पाणी. तो पाहून ठेवा. रुग्णाला शब्द सुचत नाहीत तेव्हा तो चित्र दाखवून आकडा सांगू शकतो.

जुलाब चार वाटांनी होतात आणि प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते.

न शोषलेला पदार्थ आतड्यात पाणी ओढून घेतो, तो पहिला प्रकार. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी असेल तर हेच होतं. उपाशी राहिलं की जुलाब थांबतात. दुसऱ्या प्रकारात आतडं स्वतःच पाणी ओतत असतं. कॉलरा हे त्याचं ठळक उदाहरण, इथे उपाशी राहूनही जुलाब चालूच. तिसऱ्यात आतड्याला दाह असतो: थोडं थोडं, वारंवार, रक्त, आव, मुरडा, ताप. चौथ्यात चरबी पचत नाही, शौच तेलकट, उग्र वासाचं, पाण्याने सहज वाहून न जाणारं. स्वादुपिंडाची एन्झाइमं कमी पडली की असं होतं.

कॉलऱ्याचा मुद्दा जरा खोलात समजून घ्या, कारण त्यातून औषधोपचाराचं तत्त्व दिसतं. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेश देणारा रेणू वाढवतं, पेशी क्लोराइड बाहेर सोडत राहते, मागोमाग सोडियम आणि पाणी. पण सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारा पेशीवरचा दुसरा दरवाजा मात्र शाबूत राहतो. ओआरएस त्या दरवाजातून पाणी आत शिरवतं. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटना सुचवते त्या मिश्रणात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असतं, एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २४५ मिलिऑस्मोल. म्हणून साखर ‘चवीपुरती वाढवली’ की घोटाळा होतो: जादा साखर वर सांगितलेल्या पहिल्या प्रकाराने पाणी उलट बाहेर ओढते. आणि ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, गेलेलं पाणी भरून निघतं. ‘ओआरएस दिलं पण जुलाब थांबले नाहीत, म्हणजे उपयोग झाला नाही’ असं लिहिणाऱ्याला हा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगा.

रक्ताचा रंग ते किती वरून आलं हे साधारणपणे सांगतो. वरच्या भागातलं रक्त पचून येतं, शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि विशिष्ट दुर्गंधीचं होतं. लालभडक रक्त बहुधा खालचं. मात्र वर धो-धो रक्तस्राव झाला तर तेही लाल येऊ शकतं, तेव्हा नाडी आणि रक्तदाब आधी बघायचे. लोहाच्या गोळ्यांनी आणि पोटाच्या काही औषधांतल्या बिस्मथनेही शौच काळं होतं. गोळ्या चालू आहेत का हे विचारायला विसरू नका.

थांबा: गिळताना अडकणं, न ठरवता वजन उतरणं, काळं शौच किंवा रक्ताची उलटी, रक्तक्षय, कावीळ, न थांबणाऱ्या उलट्या, पोटात हाताला लागणारी गाठ, उतारवयात पहिल्यांदाच बिघडलेली शौचाची सवय. ही यादी वहीच्या आतल्या कव्हरवर लिहा. यातलं काहीही घरात कुणाला दिसलं तर तुमचा अभ्यास त्यांच्या कामाचा नाही, त्यांना डॉक्टरांकडे न्या. या टप्प्यावर मुलांना स्वतःलाही निम्मे आजार झाल्यासारखे वाटू लागतात. ते बहुतेकांना वाटतं आणि महिनाभरात जातं.

## पायरी ६: आता नावं, पण जोडीने

इथपर्यंत आलात तर आजारांची नावं लिहायला हरकत नाही. एकेकटी लिहू नका. ज्या दोन आजारांची गल्लत होते ते शेजारी ठेवा आणि फरक कुठे आहे तेवढंच लिहा.

सर्वांत जास्त वेळ देण्यासारखी जोडी म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज, दोन्ही आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या सुजेचे आजार. कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये जागा न सोडता वर चढतो, मोठ्या आतड्यातच राहतो आणि मुख्यतः आतल्या अस्तरालाच खातो. त्यामुळे रक्ताचे जुलाब हे त्याचं मुख्य लक्षण. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, इलियमचा शेवट त्याच्या विशेष आवडीचा, मध्ये मध्ये निरोगी तुकडे सोडून जातो आणि भिंतीच्या संपूर्ण जाडीत उतरतो. जाडीत उतरतो म्हणूनच आतडं अरुंद होतं आणि शेजारच्या अवयवात भगंदर तयार होतं. धूम्रपानाने क्रोन्स बिघडतो; कोलायटिस मात्र न ओढणाऱ्यांत आणि सोडलेल्यांत जास्त दिसतो. यातून कुणी सिगारेटला औषध समजू नये. तिसरा पाहुणाही लक्षात ठेवा: आतड्याचा क्षयरोग. तोही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतो आणि हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. फरक न करता प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर क्षय पसरतो.

दुसरी जोडी आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) आणि आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम). अक्षरं जवळची, आजार दूरचे. वरचे क्रोन्स आणि कोलायटिस हे आयबीडी, तिथे आतड्याला खरी सूज आणि जखमा. आयबीएसमध्ये नळी दिसायला धडधाकट असते, बिघाड असतो तो हालचालीत, संवेदनेत आणि मेंदू-आतड्याच्या संवादात. आयबीएसच्या निदानासाठीच्या रोम ४ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गेल्या ३ महिन्यांत आठवड्याला सरासरी किमान १ दिवस पोटदुखी हवी, तिचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेशी किंवा स्वरूपाशी संबंध हवा, यांपैकी किमान दोन गोष्टी, आणि सुरुवात ६ महिन्यांपूर्वीची हवी. झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, वजन उतरणं, ताप यांतलं काहीही आयबीएसच्या खात्यात टाकू नका. आणि ‘तपासण्या नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ असंही लिहू नका. त्या माणसाचं पोट खरंच दुखत असतं.

सीलिअॅक आणि लॅक्टोज न पचणं ही जोडी सोपी आहे. सीलिअॅकमध्ये ग्लुटेनमुळे प्रतिकारयंत्रणा लहान आतड्यावर उलटते आणि शोषण करणारे व्हिलाय सपाट होतात. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही तेव्हा फक्त एक एन्झाइम कमी असतं, भिंतीला काही होत नाही.

हिपॅटायटिसचे, म्हणजे यकृताच्या दाहाचे, विषाणू दोन गटांत लावा: ए आणि ई दूषित पाणी-अन्नातून; बी, सी आणि डी रक्त व शरीरद्रवांतून. डीला बीची सोबत लागते, एकट्याने तो जगत नाही.

तपासा: कोणत्याही जोडीसाठी रुग्णाला विचारायचा असा एक प्रश्न सांगा, ज्याच्या उत्तराने पारडं एका बाजूला झुकेल. प्रश्न सुचत नसेल तर जोडी अजून पाठच आहे.

## पायरी ७: तपासणी कशासाठी, ते आधी

तपासणीचं नाव लिहिण्याआधी ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार हे लिहा. या पायरीवरच्या चुका ठरलेल्या आहेत.

सीलिअॅकच्या संशयावरून ग्लुटेन आधीच बंद केलं, मग रक्ततपासणी केली. प्रतिपिंडं उतरलेली, बायोप्सी सुधारलेली, निदान हुकलं. क्रम उलटा: आधी तपासणी, मग पथ्य.

आम्ल कमी करणाऱ्या पीपीआय गोळ्या चालू असताना हेलिकोबॅक्टरसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली. जिवाणू असूनही अहवाल खोटा ‘नाही’ येऊ शकतो. गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे आधी थांबवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने. रक्तातली प्रतिपिंडं तर उपचारानंतरही बराच काळ राहतात, त्यामुळे जिवाणू गेला का हे त्यांवरून कळत नाही.

‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या नावाने सगळेच फसतात. त्यातली एएलटी आणि एएसटी ही एन्झाइमं यकृताच्या पेशींची मोडतोड सांगतात. यकृत काम किती करतंय हे अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ सांगतात. जुन्या सिरॉसिसमध्ये (यकृत कडक होऊन आकसतं त्या आजारात) एएलटी चक्क नॉर्मल असू शकते, कारण मोडायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात.

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचं निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं: तसं दुखणं, रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाची एन्झाइमं) नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या किमान ३ पट, आणि स्कॅनमधले बदल. आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर, असं मात्र नसतं.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले म्हणून दुखणं खड्यांचंच, हीही घाई. कित्येकांचे खडे जन्मभर गप्प बसतात.

जाता जाता: पोट तपासताना क्रम बदलतो. आधी बघायचं, मग स्टेथोस्कोपने ऐकायचं, हात नंतर लावायचा. आधी दाबलं तर आतड्याचे आवाज बदलू शकतात. आणि दाबायला सुरुवात दुखऱ्या जागेपासून लांब, डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर.

## पायरी ८: एक केस, कागदावर

आता पहिल्या चित्राचा कागद पुन्हा काढा. एका मध्यमवयीन बाईंना वर्षभर अधूनमधून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं, तीन-चार तासांनी थांबायचं. या वेळी थांबलं नाही. दोन दिवसांनी डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, आणि आज हुडहुडी भरून ताप.

वहीतला तक्ता पाठ केलेला विद्यार्थी ‘कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही चित्रावर बोट ठेवा. शौच पांढुरकं, म्हणजे बिलिरुबिन आतड्यात पोचत नाही. लघवी गडद, म्हणजे यकृताने पाण्यात विरघळण्याजोगं केलेलं बिलिरुबिन रक्तात परत चाललंय. यकृत काम करतंय, रस्ता बंद आहे. वर्षभराचं ते जेवणानंतरचं दुखणं खड्याकडे बोट दाखवतं. खडा आता पित्ताशयाच्या तोंडाशी नाही, मुख्य पित्तनलिकेत उतरलाय. तुंबलेल्या पित्तरसात जिवाणू वाढले, म्हणून ताप आणि हुडहुडी. दुखणं, ताप, कावीळ हे त्रिकूट एकत्र आलं की नाव मिळतं: कोलँजायटिस. बिघाडाचा प्रकार तुंबणं आणि त्यावर जंतुसंसर्ग, तेव्हा उपचारही दोन: अँटिबायोटिक आणि रस्ता मोकळा करणं. रस्ता बंदच राहिला तर नुसती अँटिबायोटिक पुरत नाहीत. आणि हे सगळं तातडीचं, सकाळी बघू म्हणून ठेवण्यासारखं नाही. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताचा रस्ता तुंबला की वाढणारं एन्झाइम) एएलटीच्या मानाने जास्त वाढलेलं सापडेल असा अंदाज आधी लिहा, मग अहवाल उघडा. खडा नुकताच अडकला असेल तर सुरुवातीला एएलटीही बरीच वर जाऊ शकते, त्याने गडबडून पुन्हा हिपॅटायटिसकडे पळू नका.

आता तोच खडा आणखी दोन सेंटिमीटर खाली सरकवा, ड्युओडेनमच्या तोंडापर्यंत. दुखणं कुठे जाईल, बाई कशा बसतील आणि कुठलं एन्झाइम तिप्पट होईल, ते पुस्तक न उघडता लिहून काढा.